भाषण कुणी करायचं आणि धोका कुणी घ्यायचा

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका वीस वर्षांची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांची असताना आई-बाबांबरोबर पुण्याहून अमेरिकेत आली. बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि ती त्याला जोडलेल्या एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. बाबांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१६ ची, ग्रीन कार्डाचा अजून पत्ता नाही. येत्या काही महिन्यांत ती एकवीस वर्षांची होईल. दोन वर्षांपासून ती अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी झटणाऱ्या गटात आहे. हक्कांची माहिती देणारी सत्रं घेते, इमिग्रेशन कोर्टात जाणाऱ्यांना सोबत करते, शहर परिषदेत बोलते. मराठीबरोबर हिंदीही येत असल्याने तिला हाक जास्त येते. आता गटाला वाटतं की तिने विद्यार्थी संघटनेच्या बाह्य व्यवहार उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवावी. दरम्यान एका सभेतल्या तिच्या भाषणाचा व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. बाबा म्हणाले, "तुझ्या एका भाषणापायी आमची पंधरा वर्षं पाण्यात जातील. आपण नियमाने आलो, रांगेत उभे राहिलो. जे रांग मोडून आले त्यांच्यासाठी तू का लढतेस?" आई त्या दिवसापासून धड बोलत नाही. गटातली मैत्रीण म्हणते, आता माघार घेतलीस तर तो विश्वासघात होईल. ती विचारते: "मी थांबले तर भित्री, पुढे गेले तर स्वार्थी. मग मी करायचं काय?"

प्रिय मैत्रिणी,

आधी बाबांच्या भीतीबद्दल बोलते, कारण ती तू दोन ओळींत उडवून लावली आहेस. "त्यांना फक्त लोक काय म्हणतील याची चिंता आहे," असं तू लिहितेस. मला तसं वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलला पीएचडी करणाऱ्या एका तुर्की विद्यार्थिनीला मास्क घातलेल्या अधिकाऱ्यांनी भर रस्त्यात पकडलं. तिने इतर काही जणांबरोबर कॉलेजच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता. तिचा व्हिसा तिला न कळवताच रद्द झाला होता. न्यायाधीशांनी सोडण्याचा हुकूम देईपर्यंत सहा आठवड्यांहून अधिक काळ ती लुइझियानातल्या डिटेन्शन सेंटरमध्ये होती. बाबांनी हा व्हिडिओ नक्कीच पाहिला असणार. आपल्यातल्या बहुतेक घरांत तो पाहिला गेला.

तू म्हणशील, बोलण्याचं स्वातंत्र्य नागरिक नसलेल्यांनाही आहे. आहेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांना ऑस्ट्रेलियाला परत धाडण्यासाठी सरकार वर्षानुवर्षं मागे लागलं होतं. १९४५ मध्ये त्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही हे स्वातंत्र्य आहे. पण हक्क असणं वेगळं आणि तो कोर्टात सिद्ध होईपर्यंतचे दिवस काढणं वेगळं. बाबांच्या डोळ्यांसमोर ते दिवस आहेत. तुझ्या मनात तो हक्क आहे. दोघांचंही खरं आहे, आणि एकाने दुसऱ्याला खोटं ठरवून हे भांडण मिटणार नाही.

तरीही बाबांच्या भीतीत एक गफलत आहे. त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज त्यांची नोकरी, कंपनी आणि पात्रता यांवर उभा आहे. मुलीने सभेत काय म्हटलं यासाठी त्यात रकाना नाही. खरा धोका तुझ्याच वाटेवर आहे, आणि तोही ठरावीक टप्प्यांवर. एकविसाव्या वाढदिवसाला तुझं एच-फोर संपतं. त्याआधी तुला एफ-वन या विद्यार्थी व्हिसाच्या दर्जासाठी अर्ज करावा लागेल, आणि तो मंजूर करायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर असतं. पुढे कधी भारतात गेलीस तर परत येण्याआधी स्टॅम्पिंग, म्हणजे वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसा, करून घ्यावं लागेल. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक करायला सांगतात, आणि डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या अर्जदारांनाही तो नियम लागू झाला. म्हणजे धोका आहे, पण तो धुक्यासारखा सगळीकडे पसरलेला नाही. तो या दोन-तीन दारांपाशी उभा आहे. हे बाबांना कागदावर मांडून दाखव. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला "घाबरू नका" म्हणण्यापेक्षा कुठे काय आहे ते सांगणं जास्त उपयोगी पडतं.

आता रांगेबद्दल. हा मुद्दा तुला राग आणतो हे पत्रात दिसतं. पण ज्या माणसाने तपभराहून अधिक काळ प्रत्येक फॉर्म वेळेवर भरला, नोकरी बदलतानाही आधी व्हिसाचा विचार केला, आजीच्या शेवटच्या आजारातही स्टॅम्पिंगच्या भीतीने जायचं की नाही या घोळात दिवस काढले, त्याला रांग ही फार मोठी गोष्ट वाटणारच. तिच्यात त्याचं तारुण्य गेलं आहे. त्या रांगेचा अपमान झाला की त्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे "बाबा, तुम्ही प्रिव्हिलेज्ड आहात" हे तुझं वाक्य त्यांना लागलं यात नवल नाही. ते परत घे. आधी तेवढंच कर.

मग त्यांच्याशी सखाराम गणेश पंडित यांच्याबद्दल बोल. नाव मराठी कानांना किती ओळखीचं आहे बघ. हे गृहस्थ लॉस एंजेलिसला वकील होते आणि १९१४ मध्ये रीतसर अमेरिकेचे नागरिक झाले होते. नागरिकत्वासाठी लढणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या सुप्रीम कोर्टातल्या खटल्यात ते थिंद यांच्या वकिलांपैकी एक होते. १९२३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात खुद्द पंडितांवरही खटला भरला. काय चुकलं होतं त्यांचं? त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, नियम मोडला नव्हता. नियमच बदलला होता. ते लढले, १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला आणि असे उरलेले खटले सरकारने मागे घेतले.

भारतीयांना नागरिक होण्याची मुभा परत मिळाली १९४६ मध्ये, तीही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह. देशांनुसार ठरलेले ते जुने कोटे १९६५ च्या कायद्याने गेले, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या वाऱ्यात झाला. बाबा ज्या रांगेत उभे आहेत ती रांगसुद्धा कुणीतरी मागून, भांडून, दबाव आणून तयार झाली आहे. आजही तिचं काय चाललंय? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात नवरा-बायको आणि मुलंही मोजायची, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. बाबा रांगेत नीट उभे राहिले नाहीत म्हणून ती हलत नाही असं थोडंच आहे? ती हलवायची असेल तर अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, हलवावं लागेल. तू शिकते आहेस ते कौशल्य तेच आहे. हे त्यांना वादाच्या सुरात सांगू नकोस. पंडितांची गोष्ट सांग आणि थोडा वेळ गप्प बस.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती तुला सगळ्यात जास्त छळते आहे. तुला वाटतं की नाव आणि चेहरा पुढे असेल तरच बांधिलकी खरी. माईक हातात नसेल तर माघार. हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? चळवळीचा इतिहास तर तसा नाही.

टेक्सासमधल्या टायलर गावात १९७७ मध्ये शाळेने कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. चार मेक्सिकन कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीशांनी त्यांना टोपणनावाने खटला चालवू दिला आणि लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून सुनावणी पहाटे सहाला ठेवली. आपल्याला तिथूनच देशाबाहेर काढतील, या भीतीने काहींनी सामान गाडीत भरून आणलं होतं. १५ जून १९८२ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्लायलर विरुद्ध डो. यातला प्लायलर हा शाळांचा अधीक्षक, आणि 'डो' म्हणजे नाव न सांगितलेली ती माणसं. आज अमेरिकेत कागदपत्रं नसलेलं प्रत्येक मूल बारावीपर्यंत फुकट शाळेत जातं ते या निकालामुळे. तुझ्या गटातली कितीतरी मुलं याच निकालाच्या जोरावर तुझ्या विद्यापीठापर्यंत पोचली असतील. त्या आई-वडिलांना भित्रे म्हणशील?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी लपवणार नाही. मार्च २०१० मध्ये शिकागोत कागदपत्रं नसलेल्या तरुणांनी भर चौकात उभं राहून स्वतःची नावं घेतली. अशा उघडपणामुळेच २०१२ चा डाका (DACA, लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) शक्य झाला असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण त्यांनी तो धोका समजून उमजून, एकमेकांशी ठरवून घेतला. मैत्रीण विश्वासघात म्हणाली म्हणून घेतला नव्हता.

त्या मैत्रिणीचं स्टेटस काय आहे? तू लिहिलेलं नाहीस. ती अमेरिकन नागरिक असेल तर तिच्या अटकेचा अर्थ आणि तुझ्या अटकेचा अर्थ सारखा नाही, आणि चांगल्या गटाने हे आधीच बोलायला हवं होतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी कोण काय पेलू शकतं हे विचारायचं, आणि त्यानुसार कामं वाटायची. रस्ता अडवायचा असेल, पोलिसांशी बोलायचं असेल, कॅमेऱ्यासमोर जायचं असेल तर नागरिक पुढे. ग्रीन कार्डवाल्यांनी अटकेचा प्रसंग टाळावा, कारण पुढे नागरिकत्वाच्या फॉर्मवर प्रत्येक अटक लिहावी लागते, मग खटला सुटलेला असला तरी. एफ-वन, एच-फोर आणि कागदपत्रं नसलेले यांनी काय करायचं ते त्यांनीच ठरवावं, पण दडपणाखाली नाही. तुमच्या गटात ही पद्धत नसेल तर ती सुरू करणं हे तुझं नेतृत्व. त्याला निवडणूक लागत नाही.

आणखी एक विचारते. गटात तुझं एच-फोर वाढदिवसाला संपतं हे कुणाला माहीत आहे का? तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं, नाही. "मी तर व्हिसावाली, माझ्या अडचणी लहान" असं तू लिहिलं आहेस. तू दोन वर्षं दुसऱ्यांच्या कहाण्या सांगते आहेस आणि स्वतःची दाबून ठेवली आहेस. लहानपणापासून इथे वाढलेली, वयाच्या एकविसाव्या वर्षी आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडणारी मुलं दोन लाखांच्या वर आहेत असा अंदाज मांडला जातो. डाका त्यांना मिळत नाही, कारण २०१२ मध्ये त्यांच्याकडे कायदेशीर स्टेटस होतं. म्हणजे नियम पाळला हीच अडचण. ही मुलं संघटित झाली, वॉशिंग्टनला गेली, २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत त्यांच्यासाठी विधेयक आलं. ते संमत झालेलं नाही. तुझ्या गटातल्या कागदपत्रं नसलेल्या मुलाचं दुःख तुझ्यापेक्षा मोठं आहे, हे खरं. पण तुझं सांगितल्याने त्याचं कमी होत नाही. उलट त्याला कळेल की तू मदत करायला बाहेरून आलेली नाहीस. आणि बाबांनाही कळेल की रांगेत उभं राहणाऱ्यांची मुलंसुद्धा याच लढ्यात आहेत.

निवडणुकीबद्दल मला विचारशील तर या वर्षी उभी राहू नकोस. एफ-वनचा अर्ज हातात असताना पोस्टरवर चेहरा लावण्याची वेळ नाही, एवढंच कारण. शिवाय एक साधी अडचण तुझ्या लक्षात आली नसावी: अशा पदांना बहुधा स्टायपेंड असतो, आणि एच-फोरवरच्या मुलांना काम करून पैसे घेता येत नाहीत. फेलोशिप, "मानधन", गिफ्ट कार्ड, काहीही घेण्याआधी विचार. एफ-वन मंजूर झाल्यावर कॅम्पसवर ठरावीक तास काम करता येतं. तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला विचारून हा प्रश्न परत काढ. हे सगळं समजून घेऊनही तू उभी राहायचं ठरवलंस तर तो तुझा निर्णय, आणि मी त्याला वेडेपणा म्हणणार नाही. पण तो एप्रिलमधल्या उमेदवारी अर्जाच्या मुदतीच्या घाईने घेतलेला नसावा.

दरम्यान करण्यासारखं इतकं आहे की तुला दिवस पुरणार नाही. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आणि असायलमच्या (आश्रय मागण्याच्या) मुलाखतीला अर्जदाराने स्वतःचा दुभाषी आणावा लागतो. हिंदी नीट बोलणारा माणूस अशा वेळी देवासारखा भेटतो. दुभाष्याचं नाव मात्र नोंदलं जातं, म्हणून वकिलाला विचारूनच हे काम घे. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन ॲक्टनुसार शहर परिषदेच्या किंवा शाळा मंडळाच्या सभेला जाण्यासाठी नाव-पत्ता लिहून देण्याची सक्ती करता येत नाही. तिथे नागरिकत्वही कुणी विचारत नाही. २०१९ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याने इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी रहिवाशाला मंडळांवर आणि आयोगांवर नेमता येतं. वकील व्हायचं मनात असेल तर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने कागदपत्रं नसलेल्या माणसालाही वकिलीची सनद दिली आहे, हे लक्षात ठेव.

आणि मंडळात एक वर्ग सुरू कर. ग्रीन कार्डावर असलेले किती आजी-आजोबा नागरिकत्वाच्या परीक्षेला घाबरून अर्ज करत नाहीत! ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. दर रविवारी तासभर त्यांची तयारी करून घे. ज्यांनी तुझा व्हिडिओ ग्रुपवर टाकला त्यांच्याच घरातली माणसं तुझ्याकडे शिकायला येतील, आणि पुढे मतदान करतील. फक्त फॉर्मबद्दल सल्ला देऊ नकोस. कुठला फॉर्म भरावा, काय लिहावं हे सांगणं म्हणजे परवान्याविना वकिली. तो अधिकार वकिलाला किंवा न्यायखात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच आहे, आणि चुकीच्या सल्ल्याने लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली आहेत.

तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी दोन गोष्टी ठासून सांगते. मतदार नोंदणीच्या टेबलावर मदत करायला बसलात तरी स्वतःचा फॉर्म चुकूनही भरू नका, कुठल्याही कागदावर नागरिक असल्याची खूण करू नका. त्या एका खुणेने ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात डीएमव्हीच्या (वाहन परवाने देणाऱ्या खात्याच्या) चुकीने नागरिक नसलेल्या काहींची नावंही मतदार म्हणून नोंदली गेली होती, म्हणून तिथला प्रत्येक कागद वाचूनच सही करा. दुसरं, उमेदवाराच्या प्रचारात बिनपगारी काम करायला हरकत नाही, पण ग्रीन कार्ड नसेल तर त्याला पाच डॉलरसुद्धा देणगी देऊ नका. ते बेकायदा आहे.

आता या आठवड्याचं काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं स्वतःचं इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर आहे, विद्यार्थ्यांना मोफत. तिथे अपॉइंटमेंट घे. बाबांच्या कंपनीच्या वकिलावर विसंबू नकोस, तो आधी कंपनीचा वकील आहे. पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), एच-फोरचं मंजुरीपत्र आणि बाबांच्या आय-१४० ची (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जाची) प्रत बरोबर ठेव. तीन प्रश्न लिहून ने: आय-५३९ (एच-फोरवरून एफ-वनवर जाण्याचा फॉर्म) वाढदिवसाच्या किती आधी भरायचा, माझी आजवरची भाषणं आणि पोस्ट यांचं काय करायचं, आणि मंजुरी येईपर्यंत कुठली कामं थांबवायची. पोस्ट घाईघाईने पुसू नकोस, आधी वकिलाला दाखव. एफ-वनवर गेल्यावर फीचा दर बदलतो का, हे रजिस्ट्रारकडून लेखी घे. त्याचा हिशोब घरात मांडावा लागेल.

वकिलाकडे आईला घेऊन जा. बाबांना नंतर. बाबांशी तुझा वाद चालू आहे, आईशी तर बोलणंच थांबलं आहे. तिला तुझ्या भाषणात काय आवडलं नाही हे तू अजून विचारलेलं नाहीस. गाडीत विचार.